संगीताच्या फाइलींचे टॅग नीट कसे भरावेत: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

गाण्याच्या फाइलीचे नाव देवनागरीत बदलले तरी मोबाइलवर जुनेच इंग्रजी शीर्षक दिसत राहते. संगणकावर नीट वाचता येणाऱ्या गायकाच्या नावाच्या जागी गाडीतल्या स्टिरिओवर प्रश्नचिन्हांची रांग येते. एकच अल्बम प्लेयरच्या यादीत सात ठिकाणी विखुरलेला सापडतो. या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. शीर्षक, गायक, अल्बम अशी जी माहिती फाइलीच्या आतच लिहिलेली असते तिला टॅग म्हणतात. हा टॅग म्हणजे फाइलीला जोडलेली एकच चिठ्ठी, असे धरून बहुतेक जण थेट टंकायला बसतात. प्रत्यक्षात एका फाइलीत टॅगचे दोन किंवा तीन स्वतंत्र साठे असू शकतात, त्यांतील मजकूर एकमेकांशी विसंगत असू शकतो आणि त्यांपैकी कोणता साठा वाचायचा हे आपण नव्हे, तर वाजवणारा प्रोग्राम ठरवतो. म्हणून आधी तपासणी, मग नियमांची निश्चिती, त्यानंतर भरणे आणि शेवटी पडताळणी, हा क्रम सोडला की केलेले काम पुन्हा करावे लागते.

पुढील विवेचन सीडी आणि कॅसेटवरून संगणकावर घेतलेल्या मराठी गाण्यांच्या घरगुती संग्रहाला धरून केले आहे, कारण टॅगची रचना मुळात रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून झाली आणि तिच्या मर्यादा अशाच संग्रहात सर्वाधिक जाणवतात.

## टॅग फाइलीत कोठे असतो

फाइलीचे नाव आणि टॅग यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. नाव हे संगणकाच्या फाइल-व्यवस्थेत नोंदलेले असते, तर टॅग फाइलीच्या आत, ध्वनीच्या माहितीच्या आधी किंवा नंतर लिहिलेला असतो. नाव बदलल्याने टॅग बदलत नाही आणि टॅग बदलल्याने नाव बदलत नाही.

एमपी३ फाइलीत सर्वांत जुना साठा अगदी शेवटच्या १२८ बाइटांत असतो. त्याला आयडी३ची आवृत्ती १ म्हणतात. त्यात शीर्षक, कलाकार आणि अल्बम यांना प्रत्येकी ३० बाइट, वर्षाला ४, टिपणीला ३० आणि संगीतप्रकाराला फक्त १ बाइट एवढीच जागा आहे. आवृत्ती १.१ मध्ये टिपणीच्या शेवटचे २ बाइट घेऊन त्यांत गाण्याच्या क्रमांकाची सोय केली गेली. ही जागा रोमन अक्षरांसाठी आखलेली आहे आणि मजकूर कोणत्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या कोणत्या पद्धतीत, आहे हे सांगण्याची सोयच तिच्यात नाही. एखाद्या प्रोग्रामने त्यात यूटीएफ-८ मधील, म्हणजे सर्व लिपींना सामावणाऱ्या युनिकोडच्या एका एन्कोडिंगमधील, देवनागरी कोंबलीच, तरी प्रत्येक अक्षरचिन्हाला, म्हणजे प्रत्येक व्यंजनाला, मात्रेला, अनुस्वाराला आणि हलन्तालाही ३ बाइट लागत असल्याने ३० बाइटांत १० चिन्हेच मावतात. 'नाट्यसंगीत' हा एक शब्द लिहिला की जागा संपली.

दुसरा साठा, म्हणजे आयडी३ची आवृत्ती २, फाइलीच्या सुरुवातीला असतो. त्याच्या १० बाइटांच्या शीर्षभागात आवृत्ती आणि एकूण आकार नोंदलेला असतो. त्यापुढे एकामागून एक 'फ्रेम' येतात. प्रत्येक फ्रेमला चार रोमन अक्षर-अंकांचे ओळखनाम, स्वतःचा आकार आणि मजकुराच्या फ्रेममध्ये सुरुवातीलाच एन्कोडिंग सांगणारा एक बाइट असतो. शीर्षकाची फ्रेम वेगळी, मुख्य कलाकाराची वेगळी, चित्राची वेगळी. येथे ३० बाइटांची मर्यादा नाही आणि देवनागरी निर्धोकपणे साठवता येते, मात्र तो एन्कोडिंगचा बाइट खरा असला पाहिजे.

तिसरा साठा काही एमपी३ फाइलींच्या शेवटाकडे आढळतो. तो एपीई नावाचा टॅग असतो आणि बऱ्याचदा आवाजाची पातळी समान करणाऱ्या प्रोग्रामांनी, आपल्याला न कळवता, लिहिलेला असतो. काही प्रोग्राम एमपी३ फाइलीत हा साठा दिसताच त्यालाच प्राधान्य देतात.

फ्लॅक, ऑग व्हॉर्बिस आणि ओपस या प्रकारांची व्यवस्था याहून सरळ आहे. तेथे 'क्षेत्राचे नाव, बरोबरचे चिन्ह आणि मूल्य' अशा नोंदी असतात, मूल्य नेहमी यूटीएफ-८ मध्येच असते आणि एकच क्षेत्र अनेकदा लिहिता येते. त्यामुळे दोन गायकांसाठी कलाकाराच्या दोन स्वतंत्र नोंदी करता येतात. एम४ए फाइलीत टॅग फाइलीच्या अंतर्गत रचनेतील एका ठरावीक विभागात असतात आणि तेथेही मजकूर यूटीएफ-८ मध्येच असतो. वेव्ह फाइलीत टॅग ठेवण्याच्या एकाहून अधिक पद्धती आहेत आणि प्रत्येक प्रोग्राम त्या सगळ्या वाचत नाही. कॅसेटवरून घेतलेले ध्वनिमुद्रण वेव्हमध्ये असेल, तर ते आधी फ्लॅकमध्ये रूपांतरित करावे असे माझे स्पष्ट मत आहे. ध्वनीची हानी शून्य असते, जागा वाचते आणि टॅग खात्रीने टिकतात.

## टप्पा १: प्रत आणि साधने

सर्वप्रथम संपूर्ण संग्रहाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. टॅगच्या प्रोग्रामांत एका कळीने शेकडो फाइली बदलतात आणि मागे जाण्याची सोय बहुधा प्रोग्राम चालू असेपर्यंतच असते. आयडी३ची आवृत्ती २ फाइलीच्या सुरुवातीला असल्याने तिच्यामागे राखलेली रिकामी जागा संपली की संपूर्ण फाइल नव्याने लिहावी लागते. हे लेखन चालू असताना वीज गेली किंवा पेनड्राइव्ह ओढला गेला, तर केवळ टॅग नव्हे, गाणेच जाऊ शकते. म्हणून काम संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर करावे. वायरने जोडलेल्या मोबाइलवरील किंवा गाडीच्या पेनड्राइव्हवरील फाइली थेट संपादित करू नयेत.

साधन म्हणून विंडोजवर एमपी३टॅग, तर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर किड३ किंवा म्युझिकब्रेंझ पिकार्ड वापरता येतो. पिकार्ड सार्वजनिक माहितीकोशाशी ताडून टॅग सुचवतो, परंतु जुन्या मराठी कॅसेटींच्या नोंदी तेथे मिळतीलच असे नाही आणि मिळालेली नोंद रोमन लिपीत असू शकते. त्यामुळे सूचना पाहावी, पण सगळ्या फाइलींना एकदम लागू करू नये. शिवाय पडताळणीसाठी दुसरा एक स्वतंत्र प्रोग्राम आधीच बसवून ठेवावा.

तपासा: प्रत घेतल्यानंतर त्या प्रतीतील दोन-तीन फाइली उघडून वाजवून पाहिल्या का? न तपासलेल्या प्रतीवर विसंबू नये.

## टप्पा २: आत काय आहे ते पाहा

टंकन सुरू करण्यापूर्वी प्रत्येक फोल्डरमधील फाइलींत कोणकोणते साठे आहेत याची नोंद करावी. एमपी३टॅगच्या यादीत 'टॅग' नावाचा स्तंभ असतो. त्यात सध्या दाखवला जाणारा साठा आधी आणि फाइलीत असलेले सगळे साठे कंसात दिसतात. किड३मध्ये टॅग १, टॅग २ आणि टॅग ३ असे वेगळे विभाग दिसतात. एकाच फाइलीच्या आवृत्ती १ मध्ये एक नाव आणि आवृत्ती २ मध्ये दुसरे, असे आढळले, तर एका उपकरणावर जुने आणि दुसऱ्यावर नवे नाव का दिसत होते याचे उत्तर तेथेच मिळते.

आधीच देवनागरीत भरलेले टॅग बिघडलेले दिसत असतील, तर ते पुसण्याआधी निदान करावे. बिघाडाचे चार प्रकार आहेत आणि चारही वेळा उपाय वेगळा असतो.

मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील, तर माहिती शाबूत असते. त्या उपकरणात देवनागरी फॉन्ट नाही इतकेच. अशा फाइलीला हात लावू नये. संगणकावर उघडताच मजकूर नीट दिसेल.

डोक्यावर तिरकी रेघ असलेले छोटे रोमन 'ए' पुन्हा पुन्हा येत असेल आणि प्रत्येक वेळी त्यामागे एखादे चमत्कारिक चिन्ह असेल, तर यूटीएफ-८ मधील देवनागरी मजकूर रोमनच्या जुन्या एन्कोडिंगमध्ये वाचला जात आहे. देवनागरीच्या सर्व चिन्हांचा यूटीएफ-८ मधील पहिला बाइट समान असतो, म्हणूनच तेच अक्षर सारखे दिसते. ही माहिती परत मिळवता येते. काही टॅग-संपादकांत कोडपेज, म्हणजे मजकूर वाचण्याचे एन्कोडिंग, बदलण्याची क्रिया असते. तिने मजकूर यूटीएफ-८ म्हणून पुन्हा वाचून घ्यावा. प्रयोग एका फाइलीवर करावा, कारण हा बिघाड कधीकधी दोनदा झालेला असतो आणि तेव्हा दुरुस्तीही दोनदाच करावी लागते.

निरर्थक रोमन अक्षरे, कंस आणि विरामचिन्हे यांची सरमिसळ दिसत असेल, पण वरच्यासारखी नियमित पुनरावृत्ती नसेल, तर तो मजकूर शिवाजी, कृतिदेव किंवा श्रीलिपी यांसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला असण्याची शक्यता मोठी आहे. टॅगमध्ये फॉन्ट साठवला जात नाही, फक्त अक्षरांचे संकेत साठवले जातात. त्यामुळे तो मजकूर कोणत्याही प्लेयरवर कधीच मराठी दिसणार नाही. त्या फॉन्टसाठीच्या परिवर्तकातून तो युनिकोडमध्ये आणावा आणि पुन्हा चिकटवावा.

प्रश्नचिन्हेच प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर बहुधा मजकूर लिहितानाच नष्ट झाला आहे. ज्या एन्कोडिंगमध्ये देवनागरी बसतच नाही त्यात ती लिहायला सांगितली की प्रोग्राम प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह टाकतो आणि मूळ चिन्ह कोणते होते याचा मागमूस उरत नाही. अशा वेळी आधी दुसरा साठा पाहावा, कारण आवृत्ती १ मध्ये प्रश्नचिन्हे असली तरी आवृत्ती २ मध्ये मजकूर सुखरूप असू शकतो. तेथेही प्रश्नचिन्हे असतील, तर सीडीचे किंवा कॅसेटचे वेष्टन हाच एकमेव आधार उरतो.

## टप्पा ३: आवृत्ती आणि एन्कोडिंग आधी ठरवा

हा टप्पा गाळणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे, कारण ती काम पूर्ण झाल्यावर उघड होते.

आयडी३च्या आवृत्ती २ चे दोन उपप्रकार आज वापरात आहेत. २.३ मध्ये मजकूर रोमनच्या जुन्या एन्कोडिंगमध्ये किंवा यूटीएफ-१६ या युनिकोडच्याच दुसऱ्या एन्कोडिंगमध्ये ठेवता येतो. यूटीएफ-८ची परवानगी तेथे नाही. २.४ मध्ये यूटीएफ-८ चालते, तारीख वर्ष-महिना-दिवस अशी एकत्र लिहिता येते आणि एका फ्रेममध्ये अनेक मूल्ये नीट वेगळी ठेवता येतात. तांत्रिकदृष्ट्या २.४ सरस आहे, तरीही गाडीतले स्टिरिओ आणि जुनी उपकरणे यांचा विचार करता मिश्र वापरासाठी २.३, यूटीएफ-१६ हीच निवड करावी असे मी सुचवीन. संग्रह केवळ संगणकावर आणि अलीकडच्या मोबाइलवर ऐकला जाणार असेल, तर २.४ खुशाल घ्यावी. मात्र दोन्हींची सरमिसळ करू नये.

एमपी३टॅगमध्ये पर्यायांच्या खिडकीत टॅगखाली एमपीईजीचा विभाग आहे. तेथे वाचन, लेखन आणि काढून टाकणे यांसाठी वेगवेगळे पर्याय आहेत. लेखनासाठी आवृत्ती २.३ यूटीएफ-१६ निवडावी आणि आवृत्ती १ चे लेखन बंद ठेवावे. देवनागरी संग्रहात आवृत्ती १ ठेवण्याचा काहीच लाभ नाही. ती प्रश्नचिन्हांनी भरते आणि एखादे उपकरण नेमके तेच वाचते.

सावधान: फ्लॅक फाइलींना आयडी३ टॅग लावू नयेत. काही प्रोग्राम तसे करू देतात, पण फ्लॅकची स्वतःची व्यवस्था वेगळी आहे आणि सुरुवातीला आयडी३ आल्यामुळे काही प्लेयर फाइल ओळखायलाच नकार देतात.

## टप्पा ४: कोणते नाव कोणत्या क्षेत्रात, हे कागदावर लिहा

मराठी गाण्याला गायक, संगीतकार आणि कवी असे किमान तीन कर्ते असतात. टॅगमध्ये तिघांसाठीही स्वतंत्र क्षेत्रे आहेत, तरी बहुतेक संग्रहांत तिन्ही नावे 'आर्टिस्ट' या एकाच क्षेत्रात स्वल्पविरामांनी जोडलेली आढळतात किंवा कवीचे नाव गाळलेले असते. कवीला वगळण्याची ही सवय मला फार खटकते, कारण भावगीत आणि अभंग यांच्या संग्रहात कवीनुसार शोध घेता येणे ही टॅगची सर्वांत मोठी देणगी आहे.

भीमसेन जोशी यांनी गायलेला, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेला तुकारामांचा अभंग घेतला, तर 'आर्टिस्ट' मध्ये भीमसेन जोशी, 'कंपोझर' मध्ये श्रीनिवास खळे आणि 'लिरिसिस्ट' मध्ये संत तुकाराम अशी विभागणी करावी. लिरिसिस्टसाठी आयडी३ मध्ये स्वतंत्र फ्रेम आहे. प्रोग्रामच्या मुख्य पट्टीत ते क्षेत्र दिसत नसेल, तर विस्तारित टॅगच्या खिडकीतून ते जोडता येते. गाण्याचे संपूर्ण शब्द ठेवण्यासाठी 'लिरिक्स' हे वेगळे क्षेत्र आहे. कवीचे नाव त्यात टाकू नये.

'आर्टिस्ट' आणि 'अल्बम आर्टिस्ट' यांतील फरक न पाळल्याने अल्बम विखुरतो. आर्टिस्ट हे त्या एका गाण्याचे गायक असतात, तर अल्बम आर्टिस्ट हे संपूर्ण अल्बमला धरून ठेवणारे नाव असते आणि ते त्या अल्बममधील प्रत्येक फाइलीत अक्षरशः तेच असले पाहिजे. अल्बम आर्टिस्ट रिकामे सोडले, तर अनेक प्लेयर गाण्याच्या गायकाचे नाव तेथे धरतात आणि सात गायकांच्या गाण्यांचा एक अल्बम सात अल्बमांसारखा दिसू लागतो. एकाच गायकाच्या अल्बमला त्या गायकाचे नाव द्यावे. निरनिराळ्या गायकांच्या संकलनाला 'विविध कलाकार' असे द्यावे आणि 'कंपायलेशन' ही खूण चालू करावी. गीतरामायणासारख्या रचनेत, जिच्या १९५५-५६ मधील पुणे आकाशवाणीवरील प्रसारणात वेगवेगळ्या गायकांनी गीते गायली, तेथे अल्बम आर्टिस्ट म्हणून संगीतकार सुधीर फडके यांचे नाव ठेवून प्रत्येक गीताचा गायक वेगळा नोंदवणे हाही योग्य मार्ग आहे. कोणताही मार्ग घ्यावा, पण तो लिहून ठेवावा आणि सर्वत्र तोच पाळावा.

वर्षाबाबतही असेच आहे. मूळ गीत १९५५ चे, आपल्याजवळची सीडी त्यानंतर कित्येक वर्षांनी निघालेली, अशी स्थिती जुन्या संग्रहात सर्रास असते. 'इयर' मध्ये सीडीचे प्रकाशनवर्ष आणि 'ओरिजिनल इयर' मध्ये मूळ वर्ष, अशी विभागणी केली तर दोन्ही माहिती टिकते. वर्ष खात्रीचे नसेल तर क्षेत्र रिकामे ठेवावे. अंदाजाने भरलेले वर्ष पुढे कोणीही तपासत नाही आणि तेच खरे मानले जाते.

नावांच्या लेखनाचा नियमही येथेच ठरवावा. 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी' आणि 'पंडित भीमसेन जोशी' ही तीन नावे प्लेयरच्या दृष्टीने तीन वेगळे गायक आहेत. आदरार्थी पदवी ठेवायची की नाही हा आवडीचा प्रश्न आहे, पण निर्णय एकच हवा.

याहून सूक्ष्म अडचण दिसायला सारख्याच असणाऱ्या अक्षरांची आहे. 'ॲकॉर्डियन' या शब्दातील पहिले अक्षर युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येते किंवा 'अ' ला चंद्र जोडून दोन चिन्हांनी लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते वेगळे वाटतात. 'कऱ्हाडे' किंवा 'वाऱ्यावर' यांतील 'ऱ्' हेही कीबोर्डनुसार वेगवेगळ्या चिन्हक्रमांनी उमटते. नावांच्या शेवटी राहिलेली मोकळी जागाही असाच घोळ करते. म्हणून प्रत्येक कलाकाराचे नाव एकदाच काळजीपूर्वक टंकून एका साध्या मजकूर-फाइलीत ठेवावे आणि तेथूनच चिकटवावे. दर वेळी नव्याने टंकू नये.

सावधान: क्रमांक आणि वर्ष या क्षेत्रांत देवनागरी अंक लिहू नयेत. आयडी३ मध्ये ही क्षेत्रे मजकूर म्हणून साठवली जातात, त्यामुळे प्रोग्राम देवनागरी अंक निमूटपणे स्वीकारतो. परंतु नियमानुसार तेथे इंग्रजी अंकच अपेक्षित असतात आणि प्लेयर देवनागरी अंकांना संख्या म्हणून ओळखेलच याची हमी नसते. परिणामी गाण्यांचा क्रम कोलमडतो. शीर्षकात किंवा अल्बमच्या नावात देवनागरी अंक असायला हरकत नाही.

राग आणि ताल यांसाठी प्रमाणित क्षेत्र नाही. ते स्वतः तयार केलेल्या क्षेत्रात ठेवावेत. त्या क्षेत्राचे नाव मात्र रोमन अक्षरांतच द्यावे, कारण फ्लॅकमध्ये क्षेत्राच्या नावात देवनागरी चालत नाही. मूल्य देवनागरीत असू शकते. भाषेच्या क्षेत्रात 'मराठी' असा शब्द न लिहिता मराठीसाठीची आंतरराष्ट्रीय तीन-अक्षरी खूण, म्हणजे रोमन लिपीतील 'एम-ए-आर', द्यावी.

## टप्पा ५: नको असलेले काढा

निदान झाले, वाचवण्यासारखे वाचवले, आता साफसफाई करावी. आवृत्ती १ आणि एमपी३ मधील एपीई टॅग काढून टाकावेत. आवाजाची पातळी समान करण्याची माहिती एपीईमध्ये असेल आणि ती वापरात असेल, तर मात्र तो साठा ठेवून त्यातील नाव आणि अल्बम यांच्या नोंदी तेवढ्या पुसाव्यात.

टिपणीच्या क्षेत्रात संकेतस्थळांच्या जाहिराती, जुन्या रूपांतर-प्रोग्रामांचे शिक्के आणि रिकाम्या नोंदी साचलेल्या असतात. विस्तारित टॅगची खिडकी उघडून त्या पाहाव्यात, कारण मुख्य पट्टीत त्या सगळ्या दिसतीलच असे नाही. विकत घेतलेल्या काही फाइलींत खरेदीदाराचा ईमेल पत्ताही नोंदलेला असतो, हे ध्यानात असू द्यावे.

तपासा: सगळे टॅग एकदम पुसण्याची आज्ञा देण्यापूर्वी, फाइलींच्या नावांत तरी गाण्याची ओळख पटेल एवढी माहिती आहे का? 'ट्रॅक ०१' अशा नावांच्या फाइलींचे टॅग पुसले, तर प्रत्येक गाणे ऐकून ओळखावे लागेल.

## टप्पा ६: समान माहिती आधी, वेगळी नंतर

एका वेळी एकच अल्बम घ्यावा. त्यातील सर्व फाइली निवडून अल्बमचे नाव, अल्बम आर्टिस्ट, वर्ष, संगीतप्रकार आणि भाषा ही समान क्षेत्रे एकत्र भरावीत. या स्थितीत 'टायटल' च्या क्षेत्राला चुकूनही हात लावू नये. सर्व गाण्यांना एकच शीर्षक लागण्याचा अपघात येथेच घडतो. अनेक फाइली निवडल्यावर क्षेत्रात दिसणारा 'आहे तसे ठेवा' हा पर्याय याच कारणासाठी असतो.

संगीतप्रकारासाठी 'भावगीत', 'नाट्यसंगीत', 'अभंग', 'लावणी' असे शब्द मोकळेपणाने लिहिता येतात. आवृत्ती १ मध्ये हे क्षेत्र म्हणजे ठरावीक यादीतील एक क्रमांक होता आणि त्या यादीत आपले प्रकार नव्हते. आवृत्ती २ मध्ये ते बंधन नाही.

त्यानंतर फाइली सीडीच्या क्रमाने लावून क्रमांक द्यावेत. क्रमांकासोबत एकूण संख्याही तिरकी रेघ देऊन लिहिता येते. संच अनेक सीडींचा असेल, तर प्रत्येक सीडीला वेगळ्या अल्बमचे नाव देण्याऐवजी अल्बमचे नाव एकच ठेवून 'डिस्क' चे क्षेत्र भरावे. अन्यथा गीतरामायणाची ५६ गीते पाच-सहा अल्बमांत तुटतील.

शीर्षके फाइलींच्या नावांतून घ्यायची असतील, तर 'फाइलनेम ते टॅग' ही सोय वापरावी. तिला साचा द्यावा लागतो: क्षेत्रांची नावे टक्क्याच्या चिन्हांमध्ये आणि मधली जोडरेघ व मोकळी जागा फाइलीच्या नावात आहे तशी. साचा आणि नाव यांत एका मोकळ्या जागेचाही फरक चालत नाही. आधी पूर्वदर्शन पाहावे आणि सर्वांत लांब नाव असलेल्या फाइलीवर खात्री करून घ्यावी. गाण्याच्या ओळीतच जोडरेघ असेल, तर शीर्षक तेथेच तुटते; अशा फाइली हाताने भराव्यात.

सर्वांत शेवटी प्रत्येक गाण्याचे गायक, संगीतकार आणि कवी भरावेत. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला जवळचा रस्ता नाही.

## टप्पा ७: मुखपृष्ठ

चित्र फाइलीच्या आत साठते आणि अल्बममधील प्रत्येक फाइलीत त्याची स्वतंत्र प्रत असते. स्कॅन केलेले ३ एमबीचे चित्र २० गाण्यांत घातले, तर ६० एमबी केवळ चित्रांत जातात. सुमारे ६०० ते १००० पिक्सेल रुंदीचे चौकोनी जेपीईजी पुरेसे असते. जतन करताना 'प्रोग्रेसिव्ह' हा पर्याय बंद ठेवावा, कारण काही स्टिरिओ तसे चित्र दाखवत नाहीत. चित्राचा प्रकार 'फ्रंट कव्हर' असाच नोंदवावा आणि आधीचे चित्र काढूनच नवे घालावे. नाहीतर दोन्ही राहतात आणि जुनेच दिसते.

## टप्पा ८: पडताळणी

ज्या प्रोग्रामने टॅग लिहिले त्यातच ते पाहून समाधान मानू नये. दुसऱ्या प्रोग्राममध्ये फोल्डर उघडावा आणि पुढील बाबी पाहाव्यात: साठा एकच उरला आहे का, आवृत्ती सर्व फाइलींत सारखी आहे का, अल्बम आर्टिस्टनुसार यादी लावली की अल्बम एकसंध राहतो का, क्रमांकानुसार लावले की दहावे गाणे दुसऱ्याच्या आधी तर येत नाही ना, जोडाक्षरे असलेली तीन-चार नावे शोधपेटीत टंकली की सापडतात का. शेवटची तपासणी दिसायला सारख्या, पण वेगळ्या लिहिलेल्या अक्षरांचा दोष नेमका पकडते.

टॅग बदलल्याने ध्वनी बदलत नाही. फ्लॅक फाइलीत मूळ ध्वनीची एमडी५ ही खूण साठवलेली असते आणि ती केवळ ध्वनीवरून काढलेली असते. त्यामुळे टॅग लिहिल्यानंतर फ्लॅकची चाचणी चालवून ध्वनी अबाधित असल्याची खात्री करता येते. संपूर्ण फाइल मात्र बदललेली असते, म्हणून क्लाउडवरील साठा त्या सर्व फाइली पुन्हा चढवू लागेल. सर्व काम पुरे होईपर्यंत तो समक्रमण थांबवलेला बरा.

मोबाइलवर अजून जुनेच नाव दिसत असेल, तर लगेच टॅग पुन्हा लिहायला बसू नये. प्लेयर दर वेळी फाइल वाचत नाही. पहिल्यांदा वाचलेली माहिती तो स्वतःच्या यादीत साठवून ठेवतो. ही यादी, म्हणजे प्लेयरचे ग्रंथालय (लायब्ररी), पुन्हा तपासण्याची आज्ञा द्यावी किंवा फाइली मोबाइलवरून काढून, यादी ताजी करून, पुन्हा चढवाव्यात.

## टप्पा ९: फाइलींची नावे आणि गाडीसाठीची प्रत

नावे बदलण्याचे काम शेवटी ठेवावे, कारण टॅग बरोबर झाले की 'टॅग ते फाइलनेम' या सोयीने सर्व नावे एका झटक्यात तयार होतात. क्रमांक दोन अंकी, आधी शून्य लावून घ्यावा. विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तिरकी रेघ आणि दुहेरी अवतरणचिन्ह विंडोजवर फाइलीच्या नावात चालत नाहीत. शीर्षकात ती असली तर नावातून वगळावीत. लांबीकडेही पाहावे: लिनक्सवर, आणि म्हणून सामान्यतः अँड्रॉइडवरही, नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीत ती सुमारे ८५ चिन्हांत संपते. गाण्याची पूर्ण पहिली ओळ, गायक आणि अल्बम हे सारे नावात घातले, तर विंडोजवर चालणारी फाइल मोबाइलवर चढताना अडते. क्रमांक आणि शीर्षक एवढेच नावात ठेवावे. आधीच्या प्लेलिस्टमध्ये जुनी नावे नोंदलेली असतात, म्हणून नाव बदलल्यावर त्या नव्याने कराव्या लागतात.

गाडीच्या स्टिरिओत देवनागरी फॉन्टच नसेल, तर टॅगमध्ये कितीही दुरुस्ती केली तरी तेथे मराठी उमटणार नाही. त्यासाठी मूळ संग्रह रोमनमध्ये बदलू नये. गाडीत ऐकायच्या अल्बमांची वेगळी प्रत काढावी, फक्त त्या प्रतीतील शीर्षक, आर्टिस्ट आणि अल्बम रोमन लिपीत करावेत, आवृत्ती २.३ ठेवावी आणि ती प्रत पेनड्राइव्हवर चढवावी. संगणकावर त्या प्रतीचा फोल्डर मूळ संग्रहाच्या बाहेर ठेवावा, म्हणजे प्लेयरच्या ग्रंथालयात प्रत्येक गाणे दोनदा येणार नाही.